तिकीट हातात, विमान आभाळात

गणपतीला चार दिवस राहिलेत. मुंबईच्या विमानतळावर मोपाला, म्हणजे उत्तर गोव्यातल्या विमानतळाकडे, निघालेल्या चाकरमान्याला काउंटरवर बोर्डिंग पास मिळतो, पण आसन क्रमांकाची जागा कोरी असते. ‘सीट गेटवर देतील,’ एवढंच सांगितलं जातं. मखराच्या सामानाचा खोका सांभाळत तो गेटवर पोचतो आणि तिथं कळतं, विमान भरलं. तिकीट दोन महिन्यांपूर्वी काढलेलं, पैसे पूर्ण भरलेले, माणूस वेळेत हजर. तरी विमान त्याला मागे ठेवून उडतं.

राग येणारच, आणि तो रास्त आहे. पैसे घेतलेली जागा दुसऱ्याला दिली तर एसटीच्या स्टँडवरही भांडण होतं. पण गेटवरच्या त्या वीस मिनिटांत सगळ्यात महत्त्वाचं काय असेल, तर कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये तुमच्या नावापुढे कोणता शब्द पडतो. ‘डिनाइड बोर्डिंग’, म्हणजे हजर असून चढू दिलं नाही, असा शेरा पडला तर तुम्हाला भरपाईचा हक्क आहे. ‘नो-शो’ (म्हणजे आलेच नाहीत), ‘उशिरा आले’ किंवा ‘स्वतःहून तारीख बदलली’ असा शेरा पडला, तर त्याच प्रसंगाचे तुम्हाला शून्य रुपये मिळतात. पुढची सगळी लढाई या एका नोंदीवर ठरते आणि बहुतेक लोक ती नोंद न बघताच विमानतळाबाहेर पडतात.

जागा १८०, तिकिटं १८६

कोकण रेल्वेचं तिकीट काढताना गाडीत जागा नसेल तर तिकिटावर तसं छापलेलं असतं. वेटिंग असेल तर वेटिंग, आरएसी असेल तर आरएसी. अर्ध्या बर्थवर बसून कणकवली गाठायची की नाही, हे आपण आधीच ठरवतो. विमानात ही सोय नाही. तिथं प्रत्येकाला ‘कन्फर्म्ड’ म्हणूनच तिकीट दिलं जातं. त्यातली काही तिकिटं आसनांपेक्षा जास्त असतात, आणि ती कोणाची हे विमान सुटायच्या वेळीच ठरतं.

कंपनी असं का करते, त्याचा हिशेब साधा आहे. समजा विमानात १८० आसनं आहेत आणि तिकीट काढलेल्या दर शंभरातले पाच जण येतच नाहीत. कोणाची मीटिंग लांबते, कोणी आजारी पडतं, कोणाचं आधीचं विमान चुकतं. १८० तिकिटं विकली तर सरासरी नऊ आसनं रिकामी उडतात, आणि उडून गेलेलं रिकामं आसन पुन्हा विकता येत नाही. म्हणून कंपनी १८४ तिकिटं विकते. या आकड्यांवर गणित केलं तर शंभर उड्डाणांमध्ये एखाद्-दुसऱ्याच उड्डाणात कोणी खाली राहतं. १८६ विकली तर असं शंभरात साधारण नऊ वेळा होतं. दोन जादा तिकिटांनी धोका कितीतरी पटींनी वाढला, हे लक्षात घ्या.

या गणितात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: न येणारे लोक आपापल्या कारणांनी, एकमेकांशी संबंध नसताना गळतात. सोमवारच्या सकाळी मुंबईहून बंगळुरूला जाणाऱ्यांच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरं आहे. गणपतीला गावी निघालेल्या माणसाच्या बाबतीत अजिबात नाही. त्याची रजा मंजूर झालेली असते, गावात भाऊ वाट बघत असतो, आणि पाच जणांचं कुटुंब एकाच पीएनआरवर निघालेलं असतं. येणार तर पाचही येणार. अशा आठवड्यात शंभरातला एकच जण गळतो असं धरा. मग १८६ तिकिटं विकलेल्या जवळपास प्रत्येक उड्डाणात माणसं खाली राहणार, सरासरी चार. शिमग्याला आणि मे महिन्याच्या सुट्टीतही कमीअधिक हेच. कंपन्यांची प्रणाली मागच्या वर्षांचे आकडे बघून जादा विक्री कमी करू शकते. पण मार्ग नवा असेल तर मागचे आकडेच नसतात. सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, मोपाहून नियमित उड्डाणं जानेवारी २०२३ पासून.

भारतात अशा जादा विक्रीला बंदी नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, ती गृहीत धरूनच नियम करतं. या नियमांना सीएआर (सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स) म्हणतात. आपल्या कामाचा भाग आहे कलम ३, मालिका एम, भाग ४. तो ऑगस्ट २०१० मध्ये आला आणि भरपाईचे आजचे आकडे २०१६ च्या दुरुस्तीतले आहेत.

जादा विक्री हे एकच कारण नसतं. ऐन वेळी विमान बदलतं आणि नव्यात आसनं कमी निघतात. एखादं आसन नादुरुस्त असतं. दुसऱ्या शहरात हवे असलेले कर्मचारी त्याच विमानाने न्यायचे असतात. चिपीसारख्या ठिकाणी येणाऱ्या एटीआर ७२ जातीच्या सत्तरेक आसनांच्या पंख्याच्या विमानांत आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे वजन. आषाढ-श्रावणात उतरायच्या ठिकाणी ढग खाली आलेले असले, तर परत फिरून दुसऱ्या विमानतळावर जाता येईल इतकं जास्तीचं इंधन घ्यावं लागतं. माणूस आणि त्याचं सामान मिळून नव्वद-शंभर किलो धरले तर तीनशे किलो जादा इंधन म्हणजे तीन माणसं खाली. मोठ्या विमानाला हा फरक सहज पेलतो, लहानाला पेलत नाही.

कारण कोणतंही असो, नियमाची भाषा एकच आहे: कन्फर्म्ड तिकीट असलेले आणि वेळेत हजर झालेले प्रवासी उपलब्ध आसनांपेक्षा जास्त झाले तर. आसनं कमी का पडली, याची अट तिथं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अकासा एअरच्या बंगळुरू-पुणे उड्डाणात ऐन वेळी बदललेल्या विमानातली काही आसनं वापरण्याजोगी नव्हती आणि सात प्रवासी खाली राहिले. त्यांना नंतरच्या दुसऱ्या विमानाने पाठवलं, पण भरपाई दिली नाही. डीजीसीएने डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीला १० लाखांचा दंड केला. त्याआधी जून २०२२ मध्ये एअर इंडियालाही याच विषयात १० लाखांचा दंड झाला होता. तेव्हा काउंटरवर कोणी ‘हे ओव्हरबुकिंग नाही, ऑपरेशनल कारण आहे, म्हणून भरपाई नाही’ असं म्हणालं तर ते मान्य करू नका. खराब हवामान वगैरे असाधारण परिस्थितीची सूट नियमात आहे, पण ती उड्डाण रद्द होण्याला आणि उशिराला आहे. विमान उडालं आणि तुम्हीच तेवढे राहिलात, तर ती सूट लागू करता येत नाही.

किती पैसे, कसे मोजायचे

कंपनीने आधी विचारायचं असतं: कोणी आपणहून उतरायला तयार आहे का? तयार होणाऱ्याला काय द्यायचं ते कंपनीने ठरवायचं, आणि त्यावर घासाघीस करता येते. आपणहून उतरलात की पुढची सक्तीची भरपाई तुम्हाला लागू नाही, म्हणून जे काय मिळणार ते आधी कागदावर घ्या.

तुमची इच्छा नसताना खाली ठेवलं, तर पुढचं गणित मूळ ठरलेल्या सुटण्याच्या वेळेपासून धरायचं.

कंपनीने दिलेलं दुसरं विमान एका तासाच्या आत सुटणारं असेल, तर भरपाई नाही.
ते २४ तासांच्या आत सुटणारं असेल, तर एकेरी मूळ भाड्याच्या आणि इंधन आकाराच्या बेरजेच्या २०० टक्के. मर्यादा १०,००० रुपये.
२४ तासांनंतरचं असेल, तर त्याच बेरजेच्या ४०० टक्के. मर्यादा २०,००० रुपये.
दुसरं विमान नकोच असेल, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत आणि वर ४०० टक्के. मर्यादा पुन्हा २०,००० रुपये.

शेवटची ओळ फार थोड्यांना माहीत असते. काउंटरवर बहुधा ‘उद्याच्या विमानात बसवतो किंवा रिफंड घ्या’ एवढेच दोन पर्याय सांगितले जातात. रिफंड घेतला तरी भरपाई मिळते, आणि ती वरच्या दराने. उद्या सकाळी गावात पोचायचंच असेल तर रिफंड आणि भरपाई दोन्ही मागून घ्या आणि रातराणीने किंवा कोकणकन्येने निघा, अर्थात तिकीट मिळालं तर.

भरपाई मूळ भाड्यावर मोजतात, तुम्ही भरलेल्या एकूण रकमेवर नाही. समजा तिकिटाला ४,९०० रुपये दिलेत. त्यात मूळ भाडं ३,४०० आणि इंधन आकार ४०० आहे; बाकी जीएसटी, विमानतळाचे आकार, सोयीचा आकार. मग २०० टक्के म्हणजे ३,८०० च्या दुप्पट, ७,६०० रुपये. ४०० टक्के म्हणजे १५,२००. हे आकडे तिकिटाच्या ईमेलमध्ये शेवटच्या पानावर ‘बेस फेअर’ आणि ‘फ्युएल चार्ज’ या नावाने असतात. ते आधीच बघून ठेवा, म्हणजे काउंटरवर कोणी तोंडी आकडा फेकला तर तो बरोबर आहे का ते तिथल्या तिथं कळेल.

आता गणपतीचं तिकीट घ्या. मूळ भाडं आणि इंधन मिळून ८,००० रुपये. दुप्पट होतात १६,०००, पण मिळणार १०,०००. चौपट होतात ३२,०००, मिळणार २०,०००. ज्या आठवड्यात माणूस खाली राहण्याची शक्यता सगळ्यात जास्त आणि नुकसानही सगळ्यात जास्त, त्याच आठवड्यात ही मर्यादा प्रवाशाच्या विरोधात जाते. उलट टोकाला, उडान योजनेतलं अडीच हजाराचं तिकीट असेल तर भरपाई मोजायची मूळ रक्कमच लहान. आमच्या मते भरपाई भाड्याच्या पटीत मोजणं हीच या नियमातली मोठी उणीव आहे. खाली राहिलेल्या माणसाचा गेलेला दिवस भाड्यावर ठरत नाही. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमात तिकीट कितीचंही असो, अंतर बघून २५०, ४०० किंवा ६०० युरो द्यावे लागतात.

पैशाखेरीज, दुसऱ्या विमानासाठी थांबायचं ठरलं तर थांबण्याच्या वेळेनुसार खाणंपिणं, आणि रात्र काढावी लागत असेल तर हॉटेल व तिथं जायची-यायची गाडी कंपनीने द्यायची असते. आपल्या लहान विमानतळांवर हे फार कामाचं आहे, कारण तिथं तासाभराने दुसरं विमान नसतंच. त्या मार्गावर रोज विमान नसेल तर पुढचं २४ तासांनंतरचं निघतं आणि तुम्ही आपोआप ४०० टक्क्यांत जाता. मग कंपनी म्हणू शकते, ‘आज संध्याकाळी मोपाहून बसवतो.’ चिपीहून मोपा रस्त्याने दीड-दोन तास. चालत असेल तर हो म्हणा, पण गाडी कंपनीची की तुमची, आणि मोपाचं विमान किती वाजताचं, हे लिहून घेतल्याशिवाय नाही. ते २४ तासांच्या आतलं असलं तरी २०० टक्के तुमचेच आहेत.

गेटवर काय करायचं

तयारी घरूनच सुरू होते. कोणाला खाली ठेवायचं हे ठरवताना ज्यांचं चेक-इन शेवटी झालं आणि ज्यांना आसन क्रमांक मिळालेला नाही, त्यांचा नंबर आधी लागतो. म्हणून वेब चेक-इन सुरू होताच करा आणि आसन क्रमांक घेऊन ठेवा. फुकटचं आसन उरलं नसेल तर सणाच्या आठवड्यात दोन-चारशे रुपये आसनासाठी घालणं परवडतं. चेक-इन करताना ‘आसन विमानतळावर मिळेल’ असं आलं, तर ती पहिली खूण समजा आणि त्या दिवशी काउंटर उघडतानाच पोचा.

विमानतळावर पोचल्यावर काउंटरच्या पाटीसह एक फोटो काढा. फोनमधल्या फोटोवर वेळ आपोआप नोंदते. देशांतर्गत उड्डाणात काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतं आणि गेट २५ मिनिटं आधी. तुमच्या कंपनीची नेमकी वेळ तिकिटावर असते. तुम्ही त्याआधी हजर होतात, याचा पुरावा हा फोटो. पुढे ‘प्रवासी उशिरा आला’ असं उत्तर आलं, आणि ते बऱ्याचदा येतं, तर त्याला खोडून काढायला यापेक्षा चांगलं काही नाही. सामान दिलं असेल तर त्याची चिठ्ठीही जपून ठेवा. त्यावर वेळ नसली तरी सामान घेतलं म्हणजे काउंटर उघडं होतं, एवढं सिद्ध होतं.

‘जागा नाही’ असं सांगितलं की शांतपणे ड्यूटी मॅनेजरला बोलवायला सांगा. समोरच्या मुला-मुलीच्या हातात काहीच नसतं. जादा तिकिटं त्यांनी विकलेली नसतात आणि शेरा बदलायचा अधिकारही बहुधा वरच्याकडे असतो. मॅनेजरकडे तीन गोष्टी मागा: डिनाइड बोर्डिंगचा लेखी दाखला (त्यात कारण आणि वेळ), पुढच्या विमानाचं छापील तिकीट, आणि भरपाईची रक्कम किती व कधी, याचा ईमेल. दाखला द्यायला नकार मिळाला तर तिथंच उभं राहून कंपनीच्या तक्रार पत्त्यावर ईमेल टाका. मजकूर चार ओळींचा पुरे:

‘पीएनआर अमुक. आज अमुक तारखेच्या उड्डाणासाठी मी अमुक वाजता चेक-इन काउंटरवर आणि अमुक वाजता गेटवर हजर होतो. आसन उपलब्ध नसल्याचं सांगून मला चढू दिलं नाही. मी स्वेच्छेने आसन सोडलेलं नाही. लेखी दाखला मागितला, तो दिला नाही. नियमाप्रमाणे दुसरं उड्डाण, खाणं-राहणं आणि भरपाई द्यावी.’

तिसरं आणि चौथं वाक्य अजिबात वगळू नका. सगळं वजन त्या दोन वाक्यांवर आहे.

मग काही तरी सही करायला समोर येतं. अर्ध्या पानाचा फॉर्म, वर कंपनीचं चिन्ह, खाली बारीक अक्षरात इंग्रजी मजकूर आणि एक चौकट, ‘व्हॉलंटरी’ समोर बरोबरची खूण आधीच केलेली. घाईत माणूस सही करतो, हातात पुढच्या प्रवासाचं व्हाउचर येतं आणि हक्क संपतो. चौकट खोडा, शेजारी ‘इनव्हॉलंटरी’ लिहा आणि मगच सही करा. ते मान्य नसेल तर सही करू नका. सही केलेल्या प्रत्येक कागदाचा फोटो काढा. तिकिटाचे पैसे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच, म्हणजे ‘क्रेडिट शेल’मध्ये, ठेवायचे की परत घ्यायचे, हे प्रवाशाने ठरवायचं असतं, असं डीजीसीएच्या रिफंडच्या नियमात स्पष्ट आहे. भरपाईही बँक खात्यात मागा.

विमानतळ सोडण्याआधी कंपनीच्या ॲपवर किंवा साइटवर आपला पीएनआर उघडून बघा. ‘नो-शो’ दिसत असेल तर परत काउंटरवर जा आणि बदलून घ्या; घरी गेल्यावर ते बदलायला महिने लागतात. जाण्या-येण्याचं तिकीट एकाच पीएनआरवर असेल तर ही तपासणी आणखी गरजेची. जायच्या फेरीला नो-शो लागला तर काही कंपन्यांत परतीची फेरीही रद्द होऊ शकते, आणि ते माणसाला अनंत चतुर्दशीनंतर परत निघताना कळतं.

एक सावधगिरी. राग कितीही आला तरी हात उचलणं, शिवी देणं, गेट अडवून बसणं टाळा. बेशिस्त प्रवाशांसाठी डीजीसीएचे वेगळे नियम आहेत. शिवीगाळ-आरडाओरड झाली तर तीन महिन्यांपर्यंत, अंगावर हात टाकला तर सहा महिन्यांपर्यंत विमानप्रवासाला बंदी येऊ शकते. तशी नोंद झाली की तुमची भरपाईची तक्रार बाजूला पडते आणि तुम्हीच आरोपी होता. बाकी खाली राहिलेल्या प्रवाशांचे फोन नंबर मात्र घ्या. सात जणांची एकसारखी तक्रार एकट्यापेक्षा कितीतरी जड पडते.

आधीच चढून आसनावर बसल्यावर उतरवायची वेळ क्वचित येते, पण जगभर या विषयावर सगळ्यात मोठा संताप उसळला तो तशाच प्रसंगातून. ९ एप्रिल २०१७ ला शिकागोहून लुइव्हिलला निघालेल्या युनायटेडच्या विमानात कंपनीच्या चार कर्मचाऱ्यांना जागा हवी होती. ८०० डॉलरच्या व्हाउचरपर्यंत बोली गेली, कोणी उठलं नाही, तेव्हा चौघांची नावं काढली. त्यातल्या एका डॉक्टरांनी नकार दिला आणि सुरक्षा कर्मचाऱ्यांनी त्यांना हात धरून फरफटत बाहेर काढलं. लोकांच्या फोनमधली चित्रफीत दुसऱ्या दिवशी जगाने पाहिली. कंपनीने मग आपणहून उतरणाऱ्याला द्यायच्या रकमेची मर्यादा १०,००० डॉलरपर्यंत नेली. आपणहून उतरायला तयार माणूस शोधण्यासाठी बोली लावावी, ही कल्पना ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकातच मांडली होती, तेव्हा कंपन्यांनी ती हसण्यावारी नेली. पुढे ग्राहक चळवळीतले राल्फ नेडर यांना १९७२ मध्ये एका विमानात जागा नाकारली गेली, त्यांनी खटला भरला, तो १९७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९७८ मध्ये तिथं आधी तयार माणूस शोधणं बंधनकारक झालं. आपल्याकडच्या नियमातली ‘आधी विचारा’ ही पायरी त्याच वाटेने आलेली. ती आपल्या विमानतळांवर नीट पाळली तर निम्मी भांडणं होणारच नाहीत. पाच हजार रुपये आणि रात्रीचं हॉटेल मिळत असेल तर एखादा एकटा पोरगा आनंदाने सकाळच्या विमानाने जाईल.

आखातात जाणाऱ्यांसाठी

रत्नागिरी, खेड, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन या भागांतून कुवेत, दुबई, सौदीला जाणाऱ्यांना सगळ्यात मोठा फटका जोड-उड्डाणाचा बसतो. मोपाहून मुंबई हे एक तिकीट आणि मुंबईहून दुबई हे वेगळ्या कंपनीचं वेगळं तिकीट, असं स्वस्तात पडतं म्हणून काढलं जातं. पहिल्या विमानात खाली ठेवलं तर त्या विमानाची भरपाई मिळते, पण सुटलेल्या दुबईच्या विमानाची जबाबदारी पहिली कंपनी घेत नाही आणि दुसरी तुम्हाला नो-शो लावते. दोन्ही फेऱ्या एकाच पीएनआरवर असतील, तर शेवटच्या ठिकाणी पोचवण्याची जबाबदारी कंपनीची राहते. वेगळीच तिकिटं काढायची असतील तर मध्ये एक अख्खी रात्र ठेवा, किंवा मुंबईपर्यंत रेल्वेने जा.

व्हिसाची मुदत किंवा कामावर हजर व्हायची तारीख जवळ असेल तर ती काउंटरवर कागद दाखवून सांगा आणि ईमेलमध्येही लिहा. नियमात त्यासाठी जादा पैसे नाहीत, पण पुढे ग्राहक आयोगात नुकसान दाखवताना ‘कंपनीला हे माहीत होतं’ असा पुरावा होतो. पासपोर्ट, व्हिसा किंवा नावातल्या फरकामुळे रोखलं असेल तर ते डिनाइड बोर्डिंगच्या भरपाईत बसत नाही. बाणकोटचा ‘मोहम्मद’ पासपोर्टवर ‘मोहमद’ असेल तर तिकिटावरही तसाच हवा.

उड्डाणच रद्द झालं, तर तो निराळा प्रकार. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची शेकड्यांनी उड्डाणं रद्द झाली तेव्हा लोक २०० आणि ४०० टक्क्यांची भाषा करत होते; ती तिथं लागू नाही. रद्द उड्डाणाची सूचना वेळेत दिली नाही आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर एक तासापर्यंतच्या प्रवासाला ५,०००, दोन तासांपर्यंत ७,५०० आणि त्याहून लांबच्याला १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातली कमी रक्कम मिळते. तिकीट काढताना एजंटाने स्वतःचाच नंबर टाकला असेल तर सूचना त्याला जाते आणि तुमची भरपाई अडते. गावातल्या एजंटाकडून तिकीट घेताना आपला नंबर आणि ईमेल टाकायला लावा.

पैसे आले नाहीत तर

आधी कंपनीचा नोडल अधिकारी, म्हणजे तक्रारी बघणारा, मग तिथलाच अपील अधिकारी. दोघांचे पत्ते कंपनीच्या साइटवर असतात. सोबत केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा ॲपवर तक्रार टाका. एअरसेवा तक्रार कंपनीकडे ढकलते आणि उत्तराची नोंद ठेवते, म्हणून तिथला क्रमांक जपून ठेवा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. डीजीसीए कंपनीला दंड करू शकतं, पण तो दंड तुमच्या खिशात येत नाही.

तुमच्या खिशात येणारे पैसे ग्राहक आयोगातून येतात. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते; कंपनीचं कार्यालय दिल्लीला असलं तरी देवगडच्या माणसाने ओरोसला आणि गुहागरच्या माणसाने रत्नागिरीला दाखल करायची. मुदत घटनेपासून दोन वर्षं. तिकिटासारख्या पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार भरता येते. डीजीसीएच्या भरपाईची मर्यादा इथं मागणीला आड येत नाही: पर्यायी गाडीचा खर्च, वाया गेलेलं जोड-तिकीट, मनस्ताप, दाव्याचा खर्च हे सगळं वेगवेगळ्या ओळींत मागायचं, प्रत्येकापुढे रक्कम आणि पावती.

सोबत लावायचे कागद: तिकिटाचा ईमेल, त्यातलं भाड्याचं विभाजन दिसणारं पान, बोर्डिंग पास, आसन क्रमांक कोरा असला तरी, काउंटरवरचा फोटो, गेटवरून टाकलेला ईमेल, पीएनआरचा स्क्रीनशॉट, मिळालेलं दुसरं तिकीट, टॅक्सी, जेवण, हॉटेलच्या पावत्या, कंपनीची आणि एअरसेवाची उत्तरं. तारखेच्या क्रमाने लावा, प्रत्येक पानाला नंबर द्या आणि पहिल्या पानावर यादी. सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सने मागता येते. तसा अर्ज तक्रारीसोबतच द्या, म्हणजे प्रत्येक तारखेला ओरोसपर्यंत जावं लागणार नाही.